साठ नोंदी आणि एक कोरा रकाना

तीन आकडे आधी मांडतो. १९११ ते २०१७ या काळात अमेरिकी लष्कराने, आणि पुढे पेंटागॉनने, मदत केलेले चित्रपट ८०० हून अधिक आहेत. पेंटागॉनचा हात लागलेले टीव्हीवरचे कार्यक्रम १,१०० हून अधिक, आणि त्यांतले ९०० तर २००५ नंतरचे. तिसरा आकडा सीआयएचा. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने सत्तर वर्षांत चित्रपट आणि मालिका मिळून मदत केली ती ६० कलाकृतींना.

मॅथ्यू आल्फर्ड आणि टॉम सेकर या दोन अभ्यासकांनी माहिती-स्वातंत्र्याच्या कायद्याखाली अमेरिकी सरकारकडून हजारो पानं मिळवली आणि २०१७ मध्ये ही मोजदाद प्रसिद्ध केली. ती वाचून कुणालाही वाटेल की विमानं आणि रणगाडे पुरवणाऱ्यांचा सिनेमावर प्रभाव मोठा आणि हेरांचा किरकोळ. मला हे आकडे वेगळं काही सांगतात असं वाटतं. त्यांत प्रभाव मोजलेला नाही, कागद मोजलेले आहेत.

पेंटागॉनकडे भाड्याने देण्यासारख्या वस्तू आहेत. ‘टॉप गन: मॅव्हरिक’साठी नौदलाने एफ/ए-१८ विमानांचं भाडं तासाला ११,३७४ डॉलरपर्यंत आकारलं. एवढी मोठी वस्तू द्यायची तर करारनामा होतो, पटकथा तपासली जाते, सह्या होतात, बिल निघतं. प्रत्येक टप्प्यावर कागद तयार होतो आणि कागद झाला की तो तीस-चाळीस वर्षांनी का होईना कुणीतरी मागवू शकतो. सीआयएकडे देण्यासारखं काय आहे? लँगलीच्या मुख्यालयाचं दर्शनी दालन, त्याच्या फरशीवरचं ते प्रचंड बोधचिन्ह, आणि गोष्टी. गोष्ट फोनवर सांगता येते, जेवणाच्या टेबलावर सांगता येते. तिचं बिल निघत नाही.

पैशांची अडचण असेल म्हणून मदत कमी, असंही नाही. एडवर्ड स्नोडेनने फोडलेल्या कागदपत्रांनुसार २०१३ या आर्थिक वर्षात अमेरिकेच्या गुप्तचर संस्थांचं अंदाजपत्रक ५२.६ अब्ज डॉलर होतं आणि त्यात सीआयएचा वाटा १४.७ अब्ज. ‘झीरो डार्क थर्टी’ हा चित्रपट सुमारे ४ कोटी डॉलरमध्ये झाला. म्हणजे सीआयएच्या एका वर्षाच्या पैशात तसे साडेतीनशेहून अधिक चित्रपट निघाले असते. ते काढण्याची गरजच पडली नाही, हे या व्यवहाराचं मर्म आहे.

साठच्या आकड्यात आणखी एक खोच आहे. अशा मोजदादीत प्रत्येक नोंद सारख्याच वजनाची असते. एखाद्या चित्रपटाचं अख्खं भांडवल गुपचूप पुरवलं तरी नोंद एक, आणि दालनात अर्धा दिवस कॅमेरा लावू दिला तरी नोंद एकच. म्हणून बेरीज बाजूला ठेवून एकेका नोंदीच्या आत शिरावं लागतं.

‘ॲनिमल फार्म’ची कादंबरी १९४५ ची. जॉर्ज ऑर्वेल जानेवारी १९५० मध्ये गेला. त्यानंतर त्याची विधवा सोनिया हिच्याकडून चित्रपटाचे हक्क मिळवण्याची खटपट सुरू झाली, आणि पुढे वॉटरगेट प्रकरणात तुरुंगात गेलेल्या हॉवर्ड हंट या सीआयए अधिकाऱ्याने या कामाचं श्रेय नंतर स्वतःकडे घेतलं. निर्माता होता लुई द रोशमाँ, ‘मार्च ऑफ टाइम’ या वार्तापटांमुळे अमेरिकेत घरोघरी माहीत असलेला. पैसे त्याच्यामार्फत आले. काम मिळालं इंग्लंडमधल्या हालास अँड बॅचलर या स्टुडिओला. जॉन हालास मूळचा हंगेरीचा, त्याची बायको जॉय बॅचलर इंग्लिश. ७२ मिनिटांचा हा ॲनिमेशनपट १९५४ च्या डिसेंबरअखेर न्यूयॉर्कमध्ये झळकला, आणि चित्रपटगृहांत प्रदर्शित झालेला ब्रिटनचा पहिला पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट म्हणून त्याचं नाव झालं. चित्रं काढणाऱ्या कलाकारांना आपला पगार शेवटी कुणाच्या तिजोरीतून येतोय याचा पत्ता नव्हता.

कादंबरीचा शेवट बहुतेकांना आठवत असेल. डुकरं आणि शेजारचे शेतमालक एका टेबलाशी बसून खाताहेत, पत्ते खेळताहेत; खिडकीतून पाहणाऱ्या जनावरांना डुक्कर कुठलं आणि माणूस कुठला हे ओळखू येईनासं होतं. ऑर्वेलचं शल्य दुहेरी होतं. क्रांती करणारे जुन्या मालकांसारखेच झाले हे एक, आणि जुने मालकही मुळात चांगले नव्हतेच हे दुसरं. चित्रपटात मेजवानीतून माणसं गाळली गेली. खिडकीतून बेंजामिन गाढव पाहतो ते फक्त डुकरांना. मग तो बाकीच्या जनावरांना घेऊन चालून जातो आणि डुकरांची सत्ता उलथली जाते.

बदल शेवटच्या काही मिनिटांचा आहे, पण त्याने कथेचा अर्थ दोन ठिकाणी फिरतो. भांडवलवाले आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर पडतात, आणि साम्यवादी सत्तेविरुद्ध उठाव शक्य आहे, किंबहुना इष्ट आहे, असा निरोप जातो. पूर्व युरोपच्या संदर्भात १९५० च्या दशकात हा निरोप कुणाला हवा होता हे सांगायला नको. ‘गुंतवणूकदारांच्या’ सूचना म्हणून हे बदल स्टुडिओपर्यंत पोहोचत होते. गुंतवणूकदार कोण, हे जगासमोर यायला कित्येक वर्षं जावी लागली.

त्याच दशकातली दुसरी नोंद ‘द क्वायट अमेरिकन’ची. ग्रॅहम ग्रीनची कादंबरी १९५५ ची, चित्रपट १९५८ चा, दिग्दर्शक जोसेफ मँकीविट्झ. कादंबरीत सायगावमधल्या बॉम्बस्फोटामागे एका भाबड्या अमेरिकन हेराने पुरवलेली स्फोटकं असतात. चित्रपटात तो अमेरिकन निर्दोष ठरतो आणि स्फोट साम्यवाद्यांचा होतो. या फिरवाफिरवीसंदर्भात एडवर्ड लान्सडेल या अधिकाऱ्याने मँकीविट्झला १९५६ मध्ये लिहिलेलं पत्र आता अभ्यासकांना उपलब्ध आहे. लान्सडेल तेव्हा व्हिएतनाममध्ये सीआयएचं काम करत होता. ग्रीनने हा चित्रपट आपला मानलाच नाही. मूळ कथेला बऱ्यापैकी जागणारा चित्रपट निघायला २००२ उजाडलं.

आणि तिसरी नोंद, जी मला सगळ्यांत बोलकी वाटते, ती एका सेन्सॉर अधिकाऱ्याची. लुइजी लुरास्की हा पॅरामाउंट स्टुडिओत सेन्सॉरविषयक कामकाजाचा प्रमुख. कुठला देश कुठल्या दृश्याला हरकत घेईल हे आधीच ओळखून पटकथा सुधारून घ्यायची, ही त्याची नोकरी. १९५३ च्या सुरुवातीला तो सीआयएमधल्या एका माणसाला पत्रं पाठवत होता आणि कुठल्या चित्रपटात काय बदलून घेतलं याचा हिशेब देत होता. गोऱ्यांच्या मेळाव्याच्या दृश्यात एक-दोन चांगल्या कपड्यांतले कृष्णवर्णीय पाहुणे उभे करायचे, म्हणजे अमेरिकेत वर्णभेद आहे या सोव्हिएत प्रचाराला परस्पर उत्तर. अपाची लोकांवर झालेला अन्याय उघड दिसेल अशा ओळी एका वेस्टर्नपटातून काढायच्या. ही सगळी कामं तो नोकरीचा भाग म्हणून तसाही करत होताच. सीआयएला वेगळा माणूस नेमावा लागला नाही, वेगळी खुर्ची टाकावी लागली नाही. पैशांचा प्रश्नच आला नाही. आणि दक्षिणेतल्या राज्यांत कृष्णवर्णीयांना वेगळ्या बाकावर बसवलं जात होतं तेव्हा पडद्यावर त्यांना उत्तम सूट शिवून मिळत होता.

गंमत अशी की, हे सगळं चालू असताना सीआयए स्वतः पडद्यावर कुठेच नव्हती. आपलं नावही कुणी घेऊ नये, असा तिचा त्या काळात कटाक्ष होता. इतिहासकार सायमन विल्मेट्सने शोधून काढल्याप्रमाणे हॉलिवूडमध्ये तिची पहिली झलक दिसते ती हिचकॉकच्या ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’मध्ये, १९५९ साली. तीही काय, अर्धवट झाकलेली एक पाटी. म्हणजे पहिल्या बारा वर्षांत तिचं पडद्यावरचं दर्शन शून्य, आणि पडद्यामागचं काम जोरात.

एफबीआयचा खाक्या नेमका उलटा. तिचा प्रमुख जे. एडगर हूव्हर याला प्रसिद्धी हवीच होती, फक्त ती आपल्या हाताने घडवलेली हवी होती. १९५९ च्या ‘द एफबीआय स्टोरी’च्या सेटवर एफबीआयची माणसं देखरेखीला होती. १९६५ ते १९७४ या काळात चाललेल्या ‘द एफ.बी.आय.’ या मालिकेचे २४१ भाग झाले, आणि पटकथांपासून नटनट्यांच्या पार्श्वभूमीपर्यंत सगळं ब्युरोच्या नजरेखालून जात होतं. नऊ वर्षं, दर आठवड्याला एका खात्याची घरबसल्या जाहिरात. निर्मितीचा खर्च वाहिनीचा आणि प्रायोजकाचा.

पुस्तकांच्या बाबतीत हिशेब आणखी मोठा आहे, आणि तो गुप्तचर संस्थांची चौकशी करणाऱ्या सिनेटच्या चर्च समितीनेच १९७६ मध्ये मांडून ठेवला. १९६७ च्या अखेरपर्यंत सीआयएने काढलेली, अनुदान दिलेली किंवा पुरस्कृत केलेली पुस्तकं एक हजाराहून बरीच अधिक होती. अनुदानांचा हिशेबही त्यातच आहे: १९६३ ते १९६६ या काळात फोर्ड, रॉकफेलर आणि कार्नेगी ही तीन बडी प्रतिष्ठानं वगळून १६४ प्रतिष्ठानांनी दहा हजार डॉलरहून मोठी अशी सुमारे ७०० अनुदानं दिली. त्यांतल्या किमान १०८ अनुदानांत सीआयएचा पैसा अंशतः किंवा पूर्णतः होता. म्हणजे साधारण सातांत एक. आंतरराष्ट्रीय क्षेत्रातल्या अनुदानांपुरतं पाहिलं तर हे प्रमाण जवळपास निम्म्यावर जातं.

एकच पुस्तक घेऊ. ‘डॉक्टर झिवागो’ रशियात छापायला बंदी होती. सीआयएने त्याची रशियन आवृत्ती गुपचूप छापून घेतली आणि १९५८ च्या ब्रुसेल्स जागतिक प्रदर्शनात व्हॅटिकनच्या दालनातून ती रशियन पाहुण्यांच्या हाती दिली. तिथे पाठवलेल्या प्रती ३६५. नंतरची खिशात मावेल अशी आवृत्ती ९,००० प्रतींची. त्याच वर्षी पास्तरनाकला नोबेल जाहीर झालं आणि सोव्हिएत सत्तेने त्याला ते नाकारायला लावलं. ३६५ प्रतींनी एक साम्राज्य हादरलं असं म्हणणं अर्थातच वेडेपणाचं. एवढंच की, मॉस्कोला ते पुस्तक जितकं टोचलं त्याच्याशी छापलेल्या प्रतींचा हिशेब जुळत नाही.

या पैशाचा एक ओघळ मुंबईपर्यंत आला होता. १९५० मध्ये बर्लिनला स्थापन झालेल्या ‘काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम’ची भारतीय परिषद मार्च १९५१ मध्ये मुंबईत भरली, भारतीय समिती उभी राहिली, मिनू मसानी तिच्यात पुढे होते. १९५५ मध्ये या समितीने ‘क्वेस्ट’ हे इंग्रजी नियतकालिक काढलं आणि पहिले संपादक होते निसीम इझिकेल. त्याच छत्रीखाली लंडनहून ‘एन्काउंटर’ निघत होतं. १९६६-६७ मध्ये काँग्रेसच्या पैशाचा उगम सीआयएत असल्याचं अमेरिकी वृत्तपत्रांनी उघड केलं आणि जगभरचे संपादक, कवी, विचारवंत एकमेकांकडे पाहू लागले. ‘एन्काउंटर’शी जोडलेले कवी स्टीफन स्पेंडर बाहेर पडले. ‘क्वेस्ट’ आणीबाणीपर्यंत चाललं, नंतर ‘न्यू क्वेस्ट’ झालं, आणि दिलीप चित्रे त्याचे संपादक होऊन गेले. त्या नियतकालिकाने भारतीय इंग्रजी कवितेला आणि समीक्षेला दिलेली जागा खरी होती. ती जागा कुणाच्या पैशाने मिळाली हेही खरं. मला इझिकेलांच्या कवितेत लँगली सापडत नाही, आणि ती शोधणाऱ्यांची मला थोडी भीतीच वाटते. पण कुठलं मासिक जगलं आणि कुठलं कागदाच्या बिलापायी बंद पडलं, हे त्या पैशाने ठरलं असेल. वाचणाऱ्याला मात्र फक्त जगलेलं मासिकच दिसतं.

समोरच्या बाजूला केजीबीची कामगिरी जास्त उघडी आणि काही बाबतींत जास्त यशस्वी होती. ‘ढाल आणि तलवार’ या १९६८ च्या चार भागांच्या सोव्हिएत हेरपटाच्या पहिल्या भागाला ६ कोटी ८३ लाख प्रेक्षक मिळाले. ते पाहणाऱ्या किशोरांत लेनिनग्राडचा व्लादिमीर पुतिनही होता, आणि अशाच चित्रपट-कादंबऱ्यांमुळे आपण गुप्तचर सेवेकडे ओढलो गेलो, असं त्याने पुढे स्वतःच सांगितलं. १९७३ च्या ऑगस्टमध्ये ‘वसंताचे सतरा क्षण’ ही १२ भागांची मालिका आली. नाझींच्या गोटात राहणारा श्टिर्लित्झ नावाचा सोव्हिएत हेर हा तिचा नायक. केजीबीचा उपप्रमुख त्स्विगून हा मालिकेचा सल्लागार होता, आणि श्रेयनामावलीत त्याचं नाव वेगळंच, ‘मिशिन’ असं होतं. श्टिर्लित्झवरचे विनोद रशियात आजही चालतात. त्याच वर्षी पूर्व जर्मनीत श्टाझी या तिथल्या गुप्तचर खात्याच्या सहकार्याने ‘अदृश्य झडप’ ही हेरमालिका सुरू झाली आणि १९७९ पर्यंत तिचे १६ भाग झाले. तिचा नायक आर्मिन म्युलर-श्टाल १९८० मध्ये पश्चिमेकडे निघून गेला, हा श्टाझीच्या पटकथेत नसलेला प्रसंग.

भारतापुरतं बोलायचं तर केजीबीने आकडे मागे ठेवलेत, आणि ते जपून वाचावे लागतात. केजीबीचा दफ्तरदार वसिली मित्रोखिन याने ब्रिटनमध्ये आणलेल्या टिपणांवरून २००५ मध्ये इतिहासकार ख्रिस्तोफर अँड्रू यांनी लिहिलं की १९७३ पर्यंत भारतातली दहा वृत्तपत्रं आणि एक वृत्तसंस्था केजीबीच्या पगारपत्रकावर होती. भारतीय वृत्तपत्रांत पेरलेले लेख १९७२ मध्ये ३,७८९ आणि १९७५ मध्ये ५,५१०. म्हणजे दिवसाला सरासरी पंधरा. हे आकडे वाचून हबकण्याआधी ते कुणी लिहिले ते पाहावं. दिल्लीतल्या केजीबी अधिकाऱ्याने मॉस्कोतल्या साहेबाला पाठवलेला हा कामगिरीचा अहवाल आहे. वरिष्ठांना जाणाऱ्या अहवालात आकडे कुठल्या दिशेने सरकतात, हे सरकारी कचेरीत दोन वर्षं काढलेल्या कुणालाही विचारा. एखादी बातमी तशीही छापून आली असती, ती आपणच पेरली असं लिहायला काय जातं? सीआयएच्या साठमध्ये मोजणाऱ्याचा हात आखडला गेलाय, केजीबीच्या साडेपाच हजारांत तो सैल सुटलाय.

पुन्हा अमेरिकेत येऊ. १९७५ मध्ये एकीकडे चर्च समितीची चौकशी चालू होती आणि दुसरीकडे ‘थ्री डेज ऑफ द काँडोर’ चित्रपटगृहांत होता, ज्यात सीआयए आपल्याच माणसांना मारते. पुढची वीस वर्षं पडद्यावरचा सीआयएवाला बहुधा खलनायकच राहिला. मग सोव्हिएत संघ कोसळला, शत्रूच उरला नाही. फेब्रुवारी १९९४ मध्ये सीआयएतलाच ऑल्ड्रिच एम्स पकडला गेला. नऊ वर्षं तो आतून मॉस्कोला माहिती विकत होता. ही संस्था हवीच कशाला, असा प्रश्न सिनेटमध्ये उघडपणे विचारला जाऊ लागला. अशा वेळी, १९९६ मध्ये, सीआयएने हॉलिवूडशी संपर्कासाठी चेस ब्रँडन या आपल्याच जुन्या गुप्त अधिकाऱ्याला नेमलं. अभिनेता टॉमी ली जोन्स हा त्याचा चुलतभाऊ, त्यामुळे ओळखीपाळखी घरातूनच सुरू.

यानंतरचा पालट झपाट्याचा आहे. १९९९ च्या ‘इन द कंपनी ऑफ स्पाइज’ला मुख्यालयात चित्रीकरण करता आलं. २००१ च्या ‘द एजन्सी’ मालिकेचा पहिला खेळ लँगलीतच ठरला होता, सप्टेंबरच्या अठराव्या तारखेला. त्याच्या आठवडाभर आधी न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले आणि तो रद्द झाला. ‘एलियास’ ही मालिका १०५ भाग चालली, आणि २००४ मध्ये तिची नायिका जेनिफर गार्नर सीआयएच्या नोकरभरतीच्या चित्रफितीत दिसली. इथे प्रभाव कुठल्या दिशेने वाहतोय हे नीट पाहिलं पाहिजे. संस्थेने मालिका घडवली, की मालिकेतल्या बाईंनी संस्थेला चेहरा पुरवला?

असा उलटा प्रवाह ‘आर्गो’ या चित्रपटाच्या मूळ घटनेत तर आहेच. १९७९-८१ मध्ये तेहरानच्या अमेरिकी वकिलातीत ५२ माणसं ४४४ दिवस ओलीस राहिली. सहा जण मात्र निसटून कॅनडाच्या राजनैतिक अधिकाऱ्यांकडे लपले होते. त्यांना बाहेर काढण्यासाठी सीआयएच्या टोनी मेंडेझने हॉलिवूडमध्ये ‘स्टुडिओ सिक्स’ नावाची खोटी निर्मितीसंस्था काढली. ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’चा मेकअपमन जॉन चेंबर्स त्यात सामील झाला, चित्रपटधंद्याच्या वृत्तपत्रांत जाहिराती आल्या, फोन लागले. मेंडेझ सांगतो की या नसलेल्या कंपनीकडे थोडक्या आठवड्यांत २६ पटकथा येऊन पडल्या. जानेवारी १९८० च्या शेवटी सहाही जण विमानाने सुखरूप बाहेर पडले.

या घटनेवरचा ‘आर्गो’ आणि बिन लादेनच्या शोधावरचा ‘झीरो डार्क थर्टी’ हे दोन्ही २०१२ चे. पुढच्या ऑस्करसाठी सर्वोत्कृष्ट चित्रपटाची नामांकनं नऊ होती आणि त्यांत दोन चित्रपट सीआयएने मदत केलेले. ‘आर्गो’ला तीन पुरस्कार मिळाले, त्यांत मुख्य पुरस्कारही. तो जाहीर केला मिशेल ओबामा यांनी, थेट व्हाइट हाउसमधून. योजून करायचं म्हटलं असतं तर कुणालाही ते अति वाटलं असतं.

‘झीरो डार्क थर्टी’ हा आपल्या विषयातला सगळ्यांत नीट नोंदलेला नमुना आहे, म्हणून त्यावर थांबतो. लादेन २ मे २०११ ला मारला गेला. जूनमध्ये सीआयएच्या मुख्यालयात तिचे तेव्हाचे प्रमुख लिऑन पॅनेटा यांचं कामगिरीच्या गौरवाचं भाषण झालं, तेव्हा पटकथाकार मार्क बोल श्रोत्यांत होता. त्या वर्षाच्या अखेरीस त्याने सीआयएच्या जनसंपर्क विभागाला पाच फोन-बैठकांत पटकथा ऐकवली. या बैठकांचं टिपण २०१३ मध्ये माहितीच्या कायद्याखाली बाहेर आलं. सीआयएने हरकती घेतल्या त्या अशा: चौकशीच्या दृश्यात कैद्यावर कुत्रा सोडला जातो, तो नको, नायिका माया स्वतः कैद्याला बुडवण्याच्या छळात हात घालते, तिने बाजूला राहावं, इस्लामाबादेतल्या पार्टीत दारू प्यालेला अधिकारी गच्चीवरून एके-४७ झाडतो, ते काढावं. बोलने ऐकलं.

छळ दाखवू नका, असं कुणी म्हटलं नाही. पाणी ओतणं राहिलं, पेटीत कोंडणं राहिलं, गळ्यातला पट्टाही राहिला. कुत्रा गेला. नायिकेचे हात कोरडे राहिले आणि गच्चीवर कुणी गोळ्या झाडल्या नाहीत. संस्थेला जपायची होती ती आपल्या माणसांची शिस्त. छळ हा शिस्तीत, नियमात बसवून केलेला एक अप्रिय कामाचा भाग आहे, एवढं प्रेक्षकाच्या मनात राहिलं तरी पुष्कळ. छळातूनच धागा सापडला ही चित्रपटाने दिलेली समजूत तर आपोआप मिळाली. डिसेंबर २०१२ मध्ये तीन सिनेटरांनी सोनीच्या प्रमुखाला पत्र लिहून त्या समजुतीला कडक आक्षेप घेतला, आणि सीआयएचे हंगामी प्रमुख मायकेल मॉरेल यांनाही आपल्या कर्मचाऱ्यांना कळवावं लागलं की ती समजूत खोटी आहे.

दोन वर्षांनी, डिसेंबर २०१४ मध्ये, सिनेट समितीच्या छळविषयक अहवालाचा सारांश प्रसिद्ध झाला. मूळ अहवाल ६,७०० हून अधिक पानांचा, सारांश ५२५ पानांचा. ११९ कैदी, त्यांतल्या किमान ३९ जणांवर ‘विशेष’ तंत्रांचा वापर, आणि किमान २६ जण तर डांबायच्या निकषातच न बसणारे. लादेनच्या निरोप्याचा माग छळातून लागला, हा दावा समितीने तपासून फेटाळला. चित्रपटाने जगभरात सुमारे १३ कोटी डॉलर मिळवले. ५२५ पानं किती जणांनी वाचली असतील, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

या प्रकरणाच्या अंतर्गत चौकशीत एक गंमतही निघाली. चित्रपटवाल्यांनी अधिकाऱ्यांना भेटी दिल्या होत्या. त्यांत टकीलाची एक बाटली होती, आणि एका अधिकारी बाईला काळ्या ताहिती मोत्यांच्या म्हणून दिलेल्या कुड्या. कुड्या नकली निघाल्या. आणखी एक तपशील आपल्याकडचा: पडद्यावर लाहोरचे रस्ते म्हणून दिसतं ते चंडीगड. पाकिस्तान तिथे उभा केला म्हणून २०१२ मध्ये चित्रीकरणाच्या वेळी निदर्शनंही झाली.

आता भारताचा रकाना. रॉ ही संस्था सप्टेंबर १९६८ मध्ये रामेश्वरनाथ काव यांच्या हाताखाली, सुमारे २५० माणसांनिशी सुरू झाली. तिने किती चित्रपटांना मदत केली? शून्य असं लिहिता येत नाही आणि साठ असंही नाही. २००५ च्या माहितीच्या अधिकार कायद्याच्या कलम २४ नुसार आणि दुसऱ्या अनुसूचीनुसार रॉ आणि आयबी या कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत; भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाचे आरोप एवढाच अपवाद. आल्फर्ड-सेकर यांच्यासारखी जोडी मुंबईत बसून अर्ज करू लागली तर पहिल्याच टप्प्यावर परत येईल. रॉचं अंदाजपत्रकही प्रसिद्ध होत नाही. ‘पठान’ या हेरपटाने मात्र २०२३ मध्ये जगभरात सुमारे १,०५० कोटी रुपये मिळवले, हे पानाच्या ठेल्यावरही माहीत असतं.

या कोऱ्या रकान्यात कट-कारस्थान भरून टाकायचा मोह होतो. मी तो आवरतो. ‘एक था टायगर’पासून पुढचे हेरपट पाहिले तर ते चालतात म्हणून निघतात, याहून वेगळं कारण शोधायची गरज दिसत नाही. निर्मात्याला सूचना कराव्या लागत नाहीत; तिकीटबारी त्याच सूचना आधी करते. प्रश्न कच्च्या मालाचा आहे. हेरांच्या खऱ्या गोष्टी येतात निवृत्त अधिकाऱ्यांकडून. रॉमध्ये काम केलेल्या अमर भूषण यांच्या ‘एस्केप टू नोव्हेअर’ या कादंबरीवरून विशाल भारद्वाज यांनी २०२३ मध्ये ‘खुफिया’ केला, आणि त्यात संस्थेतला फितूर मध्यभागी आहे. ती कादंबरी २०१२ ची. ३१ मे २०२१ रोजी केंद्राने निवृत्तिवेतनाचे नियम बदलले. गुप्तचर संस्थांतून निवृत्त झालेल्यांनी संस्थेच्या कामाशी संबंधित काहीही प्रसिद्ध करण्याआधी संस्थाप्रमुखाची परवानगी घ्यायची, नाहीतर निवृत्तिवेतन धोक्यात. उद्याच्या ‘खुफिया’ची कादंबरी कुणाच्या टेबलावरून जाईल, हे आता नियमातच लिहिलेलं आहे. संरक्षण मंत्रालयाने त्याआधीच, जुलै २०२० मध्ये, लष्करावरचे चित्रपट आणि वेबमालिका दाखवण्यापूर्वी ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावं, असं परीक्षण मंडळाला कळवलं होतं.

जे थोडं हाताला लागतं ते परीक्षण मंडळाच्या बदलांच्या यादीत. ‘पठान’च्या वेळी ती यादी वर्तमानपत्रांत आली. ‘पीएमओ’ हा उल्लेख तेरा ठिकाणी काढला. एका ठिकाणी ‘रॉ’च्या जागी ‘हमारे’ आलं. ‘अशोक चक्र’चं ‘वीर पुरस्कार’ झालं. आणि ‘माजी केजीबी’ असलेलं पात्र ‘माजी एसबीयू’ झालं. एसबीयू हे युक्रेनचं हेरखातं. रशिया-युक्रेन युद्धाला तेव्हा अकरा महिने होत आले होते.